रडत नाही म्हणजे शहाणी आहे, असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. बारा दिवसांपूर्वी ओडिशातल्या एका संस्थेतून साडेआठ महिन्यांची मुलगी दत्तक घेऊन आलो. ती अजिबात रडत नाही. भूक लागली तरी बोटं चोखत पडून राहते. कुणाच्याही कडेवर जाते, माझ्याकडे मात्र बघत नाही, पंख्याकडे बघत राहते. सगळे म्हणतात, किती शहाणं बाळ मिळालं. सासूबाईंनी येत्या रविवारी दीडशे माणसांचं बारसं ठरवलंय. मला मधूनच वाटतं, मी दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ सांभाळतेय. माझं काही चुकतंय का?

ताई, तुमचं काही चुकत नाहीये. उलट घरातल्या सगळ्यांच्या नजरेतून जे सुटलं, ते तुम्हाला दिसलं. मी बावीस वर्षं दत्तक कुटुंबांबरोबर काम करते. घरी बाळ येण्याआधीचं समुपदेशन आणि आल्यानंतरच्या घरभेटी, हे माझं रोजचं काम. 'बाळ किती शहाणं आहे' हे वाक्य कानावर आलं की मी खुर्ची पुढे ओढून बसते.

तान्ह्या बाळाचं रडणं म्हणजे त्याची हाक असते. हाक मारली की कुणीतरी येतं, हे त्याला रोज दहा-दहा वेळा कळावं लागतं. संस्थेत तसं होत नाही. त्यात तिथल्या मावश्यांचा दोष नाही. एका मावशीच्या वाट्याला पाच-सहा बाळं आली की दूध घड्याळावर मिळतं, भुकेवर नाही. मग बाळ हाक मारणं सोडून देतं. तुमची मुलगी शहाणी असेलही, पण आत्ता ती गप्प आहे ती शहाणपणामुळे नाही. रडून काही होत नाही, हे ती शिकून आली आहे. तिला आता उलटं शिकवायचंय, आणि पहिल्या काही आठवड्यांचं हे एकच मोठं काम आहे.

१९४५ साली रेने स्पिट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची निरीक्षणं मांडली. एक होतं स्वच्छ, नीटनेटकं अनाथालय. दुसरं तुरुंगातलं पाळणाघर, तिथे कैदी आया आपापल्या मुलांचं स्वतः करायच्या. खाणंपिणं, स्वच्छता दोन्हीकडे ठीक होती. तरीही तुरुंगातली मुलं नीट वाढली आणि अनाथालयातली मागे पडली, सारखी आजारी पडली, बरीच दगावली. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. आजच्या संस्था तशा नाहीत आणि साडेआठ महिने हे फार लहान वय आहे, सावरायला भरपूर वाव आहे. पण दूध, कपडे, औषध सगळं देऊनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे 'माझं असं एक माणूस'. ती गोष्ट दीडशे माणसांत सापडत नाही.

आता पंख्याबद्दल. काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडवरच्या एका घरी मी पहिल्या भेटीला गेले होते. दहा महिन्यांचा मुलगा दिवाणावर उताणा पडलेला, डोळे पंख्यावर. आई खुळखुळा वाजवत होती, बाबा टाळ्या वाजवत होते, तो ढिम्म. मी पंखा बंद करायला सांगितला. पाती थांबेपर्यंत तो बघत राहिला, मग मान वळवून भिंतीकडे बघायला लागला. संस्थेतल्या पाळण्यातून त्याला दिवसभर हलणारी एकच गोष्ट दिसत होती, ती पंखा. माणसं यायची, बाटली द्यायची आणि जायची. पंखा कुठे जात नव्हता. मी त्या आईला शेजारी आडवं व्हायला सांगितलं. हाका नाहीत, खुळखुळा नाही, नुसतं त्याच्या बाजूला पडून तो बघतोय तिकडेच बघायचं. चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. पंख्याकडे बघता बघता त्याने मान वळवून एकदा तिच्याकडे बघितलं होतं आणि लगेच नजर काढून घेतली होती. ती फोनवर रडत होती. तुम्हीही तेच करा. नजर ओढून घेऊ नका, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवू नका. ती चोरून बघते का, एवढंच बघा. चोरून बघायला लागली की गाडी रुळावर आली समजा.

बाकी सगळं मी एका शब्दात बांधते, आणि तो शब्द तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे: सव्वा महिना. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. येणंजाणं कमी, अंधारी शांत खोली, बाळ आणि आई एकमेकांच्या वासात. आपल्या आज्यांनी हे ठरवलं ते उगाच नाही. तुम्ही बाळंत झाला नाहीत म्हणून तुमचा सव्वा महिना गेला, असं कुणी समजू नये. मी तर म्हणेन, तुम्हाला तो जास्त लागतो. पोटच्या बाळाला आईचा आवाज आधीच ओळखीचा असतो. तुमच्या मुलीला तुमचा आवाज, वास, भाषा, पाण्याची चव, हवा, सगळंच नवं. भुवनेश्वरहून विमान, मग कसारा घाट चढून नाशिकची ही जानेवारीतली थंडी. समुद्राकाठच्या दमट उबेतून ती आली आहे. तिच्या दृष्टीने जग एका रात्रीत बदललं, आणि कुणी तिला विचारलंही नाही.

तेव्हा घरी आल्या दिवसापासून सव्वा महिना धरा. तेवढे दिवस चार गोष्टी फक्त तुम्ही आणि तुमचे यजमान करायच्या: भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि दुखलं-खुपलं तर उचलून घेणं. आजी, आत्या, शेजारच्या काकू यांनी बाळाशी बोलावं, हसावं, पण उचलून फिरवू नये. ती कुणाकडेही जाते याचं कौतुक वाटतं, पण त्याचा अर्थ अजून कुणीच तिचं झालेलं नाही. पुढे कधीतरी ती आजीकडे जायला नकार देऊन तुमच्या खांद्यात तोंड खुपसेल, त्या दिवशी घरात पेढे वाटायला हरकत नाही.

सासूबाईंना बाजूला सारायचं नाही हं. अशा घरांत सगळ्यात जास्त मन आजीचं दुखावतं, आणि ते दुखावलं की सव्वा महिना टिकत नाही. त्यांना बाळंतिणीचं करणारी आई हे पद द्या. तुम्हाला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वेळेवर गरम जेवण. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातच थोपवणं तर त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही. आणि तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन बसलात की त्यांनी शेजारी बसून अंगाई म्हणावी. बाळाला आजीचा आवाज कळतो, पण तो आईच्या मांडीवरून.

भरवण्याबद्दल जरा खोलात जाते, कारण ओळख पटते ती इथेच. संस्थेत बाटली बऱ्याचदा उशीला टेकवून देतात आणि दूध लवकर संपावं म्हणून बुचाचं भोक मोठं केलेलं असतं. त्यामुळे ही मुलं घटाघट पितात आणि आपण म्हणतो, वा, काय भूक आहे! तुम्ही पावडर तीच ठेवा, बुचाचं भोक हळूहळू लहान करा आणि प्रत्येक बाटली मांडीवर घेऊनच द्या. सुरुवातीला ती अंग ताठ करेल, मान फिरवेल. तिला धरून घ्यायची सवय नाही. अशा वेळी तिला तुमच्या गुडघ्यांवर थोडी लांब, समोर तोंड करून बसवा आणि रोज थोडी जवळ घ्या. पावडर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा, किंवा डब्यावर जे लिहिलं असेल ते. 'पचायला हलकं' म्हणून पाणी वाढवू नका, बाळ उपाशी राहतं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, अगदी बोटभरही नाही, त्यातून बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते. मऊ भात, वरण, नाचणीची पेज सुरू असेलच. नाचणीला ओडियात मांडिआ म्हणतात आणि तिकडेही ती खातात, तेव्हा एखादी चव तिच्या ओळखीची निघेल.

भूक लागली आहे पण ती रडत नाही, तर मग कळणार कसं? बोटं चोखायला लागली, डोकं इकडेतिकडे फिरवलं, जरासं कण्हली, की ते तिचं रडणंच आहे असं समजून पळत जा. 'आले गं, आले, भूक लागली ना?' असं मोठ्याने म्हणत जा. रात्रीसुद्धा. लक्षात ठेवा, तिची हाक आत्ता फार हळू आवाजातली आहे.

आणि मग एका रात्री ती खरंच रडेल. माझ्या अनुभवात दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कधीतरी. चांगलं टाहो फोडून, तासभर, कशानेच न थांबणारं. घरातलं कुणीतरी नक्की म्हणेल, 'उचलून उचलून लाडावून ठेवलीत, आली तेव्हा किती शांत होती.' त्या वेळी हे पत्र त्यांच्या हातात द्या. त्या रडण्यात दोन गोष्टी असतात. एक, तिला आता वाटायला लागलंय की हाक मारली तर कुणी येईल. दुसरी, ती तिथल्या मावशीसाठी रडते. होय, साडेआठ महिन्यांच्या बाळालाही माणूस गेल्याचं दुःख होतं. त्या मावशीचा आवाज फोनवर मागवून घेता आला तर घ्या. संस्थेतलं न धुतलेलं दुपटं किंवा झबलं असेल तर धुऊ नका, उशाशी नाही पण तुमच्या खांद्यावर ठेवा. तिथे तिला ज्या नावाने हाक मारायचे ते नाव एकदम टाकू नका. नवीन नाव ठेवाच, पण काही महिने दोन्ही नावं जोडून हाक मारा.

झोपताना तिची गादी किंवा पाळणा तुमच्या हाताच्या अंतरावर असू द्या. उताणी झोपवा, उशी नको. डोकं मागून चपटं असेल तर तेही पाळण्यातल्या पडून राहण्यानेच झालेलं आहे. मोहरीची उशी करत बसू नका. जागी असताना तुमच्या देखत पालथी घाला, कडेवर घ्या. बसायला लागली की ते पुष्कळ भरून येतं.

मालिशवाल्या मावशींना सध्या नको म्हणा. जिला नुसतं धरलेलंही सोसत नाही तिला पायांवर आडवी घालून खसाखसा चोळणं म्हणजे शिक्षा. तुम्ही स्वतः खोबरेल कोमट करून आधी फक्त तळपाय, मग पोटऱ्या, असं आठवड्याभरात वर या. ती पाय ओढून घेईल तिथे थांबा. ओवा-वावडिंगाची धुरी नको, छातीला त्रास होतो. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा. आणि कुणी रंगावरून बेसन-साय सुचवली तर तिथल्या तिथे थांबवा. ती सावळी आहे आणि सुंदर आहे, हे वाक्य तुमच्या घरात पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.

डॉक्टरांकडे या आठवड्यात जाऊन या. संस्थेने दिलेला वैद्यकीय अहवाल आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस जवळ आली आहे. आधीच्या लसींची नोंद नसेल तर डॉक्टर पुन्हा देतील, त्याने अपाय होत नाही. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बघून घ्यायला सांगा. सिकलसेल ओडिशाच्या पश्चिम भागात बराच आहे, आपल्या सुरगाणा-पेठकडेही आहे, त्यामुळे नाशिकच्या डॉक्टरांना तो नवा नाही. एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी दीड वर्षाच्या आत पॉझिटिव्ह आली तरी ती जन्मदात्या आईच्या अँटिबॉडींमुळे असू शकते, म्हणून तो कागद बघून हातपाय गाळू नका, पुढची नेमकी चाचणी असते. कानांची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) मात्र आग्रहाने करून घ्या. आवाजाला वळत नाही ते बुजल्यामुळे, असं आपण समजत राहतो आणि सहा महिने वाया जातात. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या दिसल्या तर ती खरूज असू शकते. तेव्हा मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर ती घरभर फिरत राहते.

वजन-उंचीवरून रडू नका. संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ साधारण एक महिना मागे पडते, असा बालरोगतज्ज्ञांचा एक ढोबळ हिशोब आहे. घरी आल्यावर ही मुलं भराभर भरून काढतात. शेजारच्या साडेआठ महिन्यांच्या मुलाशी तुलना करू नका. बारा दिवसांपूर्वी ती काय करत होती आणि आज काय करते, तेवढंच बघा.

आता तुमच्याबद्दल. 'दुसऱ्या कुणाचं तरी बाळ सांभाळतेय' हे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. बहुतेक आयांना हे वाटतं, पण इतकी वर्षं वाट बघून, घरी येऊन गेलेल्या समाजसेविकेपुढे सगळं छान आहे म्हणून सांगून झाल्यावर, कोण बोलणार? माया पहिल्या दिवशी येईलच असं नाही. ती करता करता येते, शंभर वेळा लंगोट बदलून, रात्री तीनला बाटली उकळून. पोटच्या बाळाच्या बाबतीतही पुष्कळदा असंच होतं, फक्त तिथे कुणी विचारत नाही. पण तीन-चार आठवडे सतत रडू येत राहिलं, झोप मिळूनही झोप लागली नाही, बाळाजवळ जावंसंच वाटेना झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दत्तक आईलाही बाळंतपणानंतरच्यासारखं नैराश्य येतं, ते खरं असतं आणि बरं होतं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होईल, तिथेही अडचण लपवू नका. थकले म्हणणाऱ्या आईकडून बाळ काढून घेतलेलं मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. लपवल्यामुळे मदत उशिरा पोचलेली मात्र पुष्कळदा पाहिली आहे.

नोकरीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते, कारण याचा मला राग येतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा दिली होती ती बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता बघा, टाकून दिलेल्या बाळाच्या घरच्यांचा शोध घेऊन ते दत्तक देण्यास मुक्त ठरायलाच दोन महिने लागू शकतात. आईने स्वतः सुपूर्द केलं तर तिला फेरविचाराला ६० दिवस असतात. मग जुळणी, प्रवास. तीन महिन्यांच्या आतलं बाळ किती जणांच्या घरी येणार? तेव्हा आज तुम्हाला काय लागू आहे ते कार्यालयाकडून लेखी मागा. कमी पडलं तर बिनपगारी का होईना, पण तीन महिने घरी राहायचा प्रयत्न करा, आणि यजमानांनी निदान पहिले पंधरा दिवस. कागदपत्रांची घाई तुम्ही करायची गरज नाही. २०२२च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि तुमची फाईल संस्थेच्या जिल्ह्यात चाललेली असेल.

एक मात्र आजच ठरवा. 'कुठे सापडली?', 'आई कोण होती?', 'का टाकली?' हे प्रश्न रविवारी नाही तर सोमवारी येणारच. तुम्हाला फाईलमधून जे माहीत आहे ते तिचं आहे, तुमचंसुद्धा नाही. ती विचारेल तेव्हा तिला सांगायचं. आत्ता भावनेच्या भरात नणंदेला सांगितलेली गोष्ट ती बारा वर्षांची झाल्यावर एखाद्या लग्नात तिच्या कानावर पडते, हे मी पाहिलंय. 'ते तिचं आहे, तिला सांगू' एवढंच उत्तर सगळ्यांना. दत्तक हा शब्द मात्र लपवू नका, तो तिच्यासमोर आत्तापासून मायेने वापरा.

आणि रविवार. हॉलची अनामत गेली तर जाऊ द्या. सासूबाईंना सांगा, आमचा सव्वा महिना चालू आहे, तो पुरा झाला की तुमच्याच हाताने पाळण्यात घाला. तेव्हाही घरातल्या घरात, दहा-पंधरा माणसं, दुपारची झोप झाल्यावर, तासाभरात आटोपतं. कुंची घालायची तर तिला आठ दिवस आधीपासून हाताळायला द्या. काळारामाचं दर्शन आणि गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाणं त्यानंतर, एखाद्या मंगळवारी सकाळी गर्दी नसताना. पाहुण्यांना सव्वा महिना म्हटलं की पुढे काही विचारत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तोवर एक वही ठेवा. कधी चोरून बघितलं, कधी कुरकुरली, कधी तुमचं बोट धरून ठेवलं, तारखेसकट. दोन आठवड्यांनी मला कळवा. महिनाभराने एकही नोंद नसेल, ती तशीच ढिम्म असेल, तर थांबायचं नाही. विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे जायचं आणि ती वही त्यांच्यासमोर ठेवायची.